वेबकॅमवरून हृदयाचे ठोके मोजायचेत? आधी उजेड बघा, मग कोड

वेबकॅमसमोर नुसतं बसायचं, अंगाला काही लावायचं नाही, आणि थोड्या वेळात स्क्रीनवर हृदयाचे ठोके दिसतात. हे खरंच होतं, आणि त्याला महागडं काही लागत नाही. याला रिमोट पीपीजी (फोटोप्लेथिस्मोग्राफी, म्हणजे प्रकाशावरून रक्ताचा चढउतार मोजणं) म्हणतात. हा लेख अगदी नवीन लोकांसाठी आहे, म्हणजे बीईच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून हे घेतलेली मुलं, किंवा पायथन थोडंफार येतं आणि हे करून बघायचंय अशी कुणीही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, स्क्रीनवर आकडा येणं एकदम सोपं आहे, तो आकडा खरा असणं अवघड आहे, आणि बहुतेक सगळे पहिल्या टप्प्यावरच खूश होऊन थांबतात.

नक्की मोजतो काय?

प्रत्येक ठोक्याला चेहऱ्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये रक्त थोडं वाढतं आणि परत कमी होतं. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जोरात शोषतं (साधारण ५४० ते ५८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात), त्यामुळे रक्त वाढलं की चेहऱ्यावरून परत येणारा हिरवा प्रकाश किंचित कमी होतो. किंचित म्हणजे किती, तर कॅमेरा प्रत्येक रंगाला ० ते २५५ असा आकडा देतो आणि ठोक्यामुळे होणारा फरक बऱ्याचदा त्यातल्या एका पायरीपेक्षाही कमी असतो. मग दिसतो कसा? आपण एक पिक्सेल बघत नाही, कपाळ आणि गालावरच्या हजारो पिक्सेलची सरासरी काढतो. १०० बाय १०० चा तुकडा घेतला तर १०,००० पिक्सेल झाले, आणि सरासरी काढल्यावर कॅमेऱ्याचा आपला स्वतःचा आवाज, म्हणजे नॉइज, साधारण शंभरपट खाली येतो. मगच तो बारीक फरक वर येतो.

२००८ साली वेरक्राउस, स्वासँड आणि नेल्सन यांनी साध्या डिजिटल कॅमेऱ्याने आणि खोलीतल्या नेहमीच्या उजेडात हे करून दाखवलं, आणि हिरव्या चॅनलमध्ये सिग्नल सगळ्यात चांगला मिळतो हेही त्यातच दिसलं. २०१० मध्ये एमआयटी मीडिया लॅबच्या पो, मॅकडफ आणि पिकार्ड यांनी तेच लॅपटॉपच्या वेबकॅमवर केलं. बोट कॅमेऱ्यावर टेकवून ठोके मोजणारी मोबाइल ॲप्स असतात ना, तत्त्व तेच, फक्त तिथे बोट लेन्सला चिकटलेलं असतं आणि फ्लॅश चालू असतो म्हणून सिग्नल दणकट येतो, इथे चेहरा हातभर लांब आणि उजेड जो असेल तो.

सामान

लॅपटॉप, वेबकॅम (लॅपटॉपचाच चालेल, वेगळा यूएसबी असेल तर जास्त बरं कारण त्याच्या सेटिंग्ज हातात राहतात), पायथन, आणि त्याच्या ओपनसीव्ही, नमपाय, सायपाय, मीडियापाइप या लायब्ररी. आणि एक बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. कोविडमध्ये बऱ्याच घरांत घेतलेला आहे, कपाटात असेल, सेल बदला आणि बाहेर काढा. ऑक्सिमीटर नसेल तर हा प्रोजेक्ट सुरूच करू नका असं मी म्हणेन, कारण तुलना कशाशी करणार?

पहिली पायरी: उजेड आणि कॅमेरा

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण इथेच सगळं बिघडतं, आणि कोडमध्ये ते नंतर दुरुस्त होत नाही.

सगळ्यात उत्तम म्हणजे दिवसाचा उजेड. खिडकीकडे तोंड करून बसा, ऊन थेट तोंडावर नको आणि खिडकी पाठीमागे तर अजिबात नको. फक्त ढग येत-जात असतील तर उजेड हलतो तेवढं लक्षात ठेवा. समोर पंखा फिरत असेल आणि वरच्या दिव्याची सावली पात्यांमुळे तोंडावर कापली जात असेल तर पंखा बंद करा. गरम होईल पण मिनिटभराचा प्रश्न आहे.

ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या उजेडात करायचं असेल तर एक गणित समजून घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, आणि प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. कॅमेरा सेकंदाला बरोबर ३० फ्रेमने (चित्रांनी) चालत असेल तर हा १०० हर्ट्झचा फरक रेकॉर्डिंगमध्ये १० हर्ट्झचा होऊन दिसतो (३० ची तीन पट ९०, १०० मधून ते गेलं की उरले १०), तो ठोक्यांच्या पट्ट्याच्या खूप वर आहे, फिल्टर त्याला काढून टाकतो, काही बिघडत नाही. पण कॅमेरा २४.७ फ्रेमने चालला तर? चार पट केली तर ९८.८, आणि १०० मधून ते गेलं की उरतात १.२ हर्ट्झ. म्हणजे मिनिटाला ७२! एकदम निरोगी माणसाच्या ठोक्यांसारखा आकडा, आणि तो येतोय दिव्यातून. हे बघून मला खरंच धक्का बसतो, कारण ज्याला माहीत नाही तो हा आकडा आनंदाने रिपोर्टमध्ये छापेल.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी असा पर्याय असतो, तो ५० हर्ट्झला ठेवा (बऱ्याचदा ६० वर असतो), आणि हाताने एक्सपोजर ठेवता येत असेल तर सेकंदाचा ५० वा किंवा १०० वा भाग ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याची पूर्ण आवर्तनं येतात आणि फरक आपोआप पुसला जातो. दिवा किती चमकतो ते बघायचं असेल तर मोबाइलवर स्लो मोशन लावून दिव्याचं शूटिंग करा, लगेच दिसेल. काही एलईडींचा ड्रायव्हर चांगला असतो, ते जवळजवळ चमकत नाहीत, असा एक सापडला की तोच वापरा.

दुसरं, ऑटो एक्सपोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स दोन्ही बंद. ऑटो म्हणजे काय, तर चेहऱ्याचा उजेड बदलला की कॅमेरा स्वतःहून भरपाई करतो, आणि आपल्याला नेमका तो बदलच मोजायचाय. विंडोजवर कॅमेऱ्याच्या प्रॉपर्टीजमध्ये आणि लिनक्सवर व्हीफोरएलटू या कॅमेरा-सेटिंगच्या साधनाच्या कमांडने हे बंद करता येतं, लॅपटॉपच्या आतल्या कॅमेऱ्यात काही वेळा ही सोयच नसते, म्हणून वर म्हटलं वेगळा यूएसबी बरा.

तिसरं, उजेड कमी पडला की बरेच वेबकॅम गुपचूप ३० वरून १५ फ्रेमवर येतात. तुमच्या कोडमध्ये ३० लिहिलेलं असतं. समजा खरा वेग २५ होता आणि तुम्ही ३० धरलात, तर ७२ ठोक्यांचे ८६ होतात. म्हणून प्रत्येक फ्रेमसोबत घड्याळाची वेळ साठवा, आणि नंतर त्या खऱ्या वेळांवरून सिग्नल समान अंतरावर आणून घ्या, सायपायमध्ये त्यासाठी इंटरपोलेशन (मधल्या वेळांचे आकडे अंदाजाने भरणं) आहेच. ही एक सवय लावली तरी अर्धे गोंधळ कमी होतात.

दुसरी पायरी: रेकॉर्डिंग

एक मिनिट रेकॉर्ड करा, माणूस टेकून बसलेला, न बोलता, बोटाला ऑक्सिमीटर. ऑक्सिमीटरचा आकडाही कॅमेऱ्यात दिसेल असा धरला तर नंतर जुळवायला सोपं जातं. तो आकडा मागच्या काही सेकंदांची सरासरी असतो, त्यामुळे थोडा मागे चालतो, सेकंदाला सेकंद जुळवत बसू नका.

व्हिडिओ साठवताना कॉम्प्रेशन नको. मोबाइलवर काढलेला आणि व्हॉट्सॲपवरून लॅपटॉपवर आणलेला व्हिडिओ या कामाला निरुपयोगी समजा, कारण कॉम्प्रेशनचं कामच असतं डोळ्याला न दिसणारे रंगाचे बारीक फरक फेकून देणं, आणि आपला सगळा सिग्नल तिथेच असतो. कच्चा व्हिडिओ ६४० बाय ४८० चा, ३० फ्रेमचा, मिनिटाला साधारण १.६६ जीबी होतो. जागा नसेल तर एफएफव्ही१ सारखं काही न गमावणारं कोडेक वापरा, किंवा व्हिडिओ साठवूच नका, चालू कॅमेऱ्यातून प्रत्येक फ्रेमला चेहऱ्याच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगाची सरासरी काढा आणि वेळ धरून चार आकडे सीएसव्हीत लिहीत जा. कुणाचा चेहरा आपल्याकडे साठवून ठेवण्यापेक्षा हे मला कधीही जास्त आवडतं.

तिसरी पायरी: चेहऱ्याचा कुठला भाग?

कपाळ आणि दोन्ही गाल. मीडियापाइपचं फेस मेश ४६८ बिंदू देतं, त्यातून हे तुकडे पाडता येतात. नुसता चेहऱ्याचा चौकोन घेतला तर त्यात केस, डोळ्यांची उघडझाप, मागची भिंत सगळं येतं. चौकोन प्रत्येक फ्रेमला थोडा थरथरतो पण, आणि ती थरथर सरासरीत उतरते, म्हणून बिंदूंच्या जागा मागच्या काही फ्रेमसोबत मिसळून गुळगुळीत करा. कपाळावर केस आलेत तर क्लिप लावा. गंध किंवा मोठी टिकली असेल तर तेवढा भाग सोडा. दाढी असेल तर गालाचा वरचा भाग घ्या, चष्मा असेल तर त्याच्या चमकेपासून लांब रहा. तेलकट कपाळ चमकतं, आणि चमकणाऱ्या ठिकाणी प्रकाश कातडीत न शिरता वरूनच परत येतो, त्यात ठोका नसतोच, म्हणून तोंड धुऊन पुसून बसलेलं चांगलं.

चौथी पायरी: रंगातून ठोके

नुसता हिरवा चॅनल घेऊन सुरुवात करा, समजायला तोच बरा. पण माणूस जरा हलला की तिन्ही रंग एकत्र वर-खाली होतात आणि हिरवा बुडतो. यावर नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या फिलिप्स कंपनीतल्या आणि तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी मोठं काम केलंय, २०१३ मध्ये द हान आणि झान यांची क्रोम पद्धत आली आणि २०१७ मध्ये वांग आणि सहकाऱ्यांची पीओएस. नवीन माणसाने पीओएस घ्यावी, छोटी आहे आणि ट्रेनिंग लागत नाही:

साधारण १.६ सेकंदांचा तुकडा घ्या. तिन्ही रंगांना त्या तुकड्यातल्या त्यांच्या त्यांच्या सरासरीने भागा, म्हणजे सगळे १ च्या आसपास येतात. मग दोन रांगा बनवा, पहिली म्हणजे हिरव्यातून निळा वजा, आणि दुसरी म्हणजे हिरवा अधिक निळा वजा दोनदा लाल. पहिल्या रांगेचं स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले दुसरीचं, हा गुणक काढा, दुसऱ्या रांगेला त्याने गुणून पहिलीत मिळवा, त्यातून सरासरी वजा करा. एक फ्रेम पुढे सरका, परत तेच, आणि सगळे तुकडे एकमेकांवर बेरीज करत जा. पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींत होतं.

पुढे बँडपास फिल्टर, ०.७ ते ४ हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला ४२ ते २४० ठोके एवढाच पट्टा ठेवून बाकीचं काढून टाकायचं. बसलेल्या माणसाला वरची मर्यादा ३ ठेवली तरी चालेल. मग एफएफटी (सिग्नलमध्ये कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते दाखवणारं गणित), त्यात सगळ्यात उंच शिखर शोधा, त्याला ६० ने गुणा. इथे तुकडा किती लांब घ्यायचा हा प्रश्न येतो. १० सेकंद घेतले तर दोन शेजारच्या फ्रिक्वेन्सींमधलं अंतर ०.१ हर्ट्झ, म्हणजे ६ ठोके, ७२ आणि ७८ च्या मधलं काही वेगळं दिसणारच नाही. ३० सेकंद घेतले तर अंतर २ ठोक्यांचं, पण मधे ठोके बदलले तर सगळं मिसळतं. मी २० ते ३० सुचवेन. शून्यं जोडून एफएफटी लांब केली की आलेख गुळगुळीत दिसतो, माहिती नवीन येत नाही. कधीकधी आकडा एकदम दुप्पट येतो, ६५ चा १३०, तेव्हा शिखराच्या निम्म्यावर दुसरं छोटं शिखर आहे का ते बघा, असेल तर खरं बहुतेक तेच.

पाचवी पायरी: भिंतीला ठोके आहेत का ते बघा

हे प्लीज वगळू नका. एफएफटीमधलं सगळ्यात उंच शिखर शोधायला सांगितलं की कोड काहीतरी शोधून देतोच, कारण उंच असं काहीतरी नेहमी असतंच. म्हणून चेहऱ्याऐवजी भिंतीचा तुकडा घ्या, तोच उजेड, तेच सेटिंग, तोच कोड, आणि बघा काय येतं. आकडा येईलच. आता शिखर आजूबाजूच्यापेक्षा किती उंच आहे ते मोजा, म्हणजे शिखराजवळची ताकद भागिले बाकी पट्ट्यातली ताकद. चेहऱ्याचं हे गुणोत्तर भिंतीच्या बरंच वर असायला हवं. नसेल तर स्क्रीनवर आकडा दाखवूच नका, "सिग्नल नाही" असं दाखवा. आणि भिंतीवर पण तोच ७२ स्थिर येत असेल तर दिव्याचा प्रकार आहे, पहिल्या पायरीवर परत जा.

दुसरी परीक्षा म्हणजे जिना. दोन-तीन मजले भरभर चढून-उतरून या आणि लगेच बसा. ऑक्सिमीटर १२० च्या आसपास सुरू होऊन हळूहळू खाली येईल, तुमचा आकडाही त्याच्यासोबत उतरला पाहिजे. ही परीक्षा एवढ्यासाठी की शांत बसलेल्या मित्रांवरच तपासलं तर सगळ्यांचे ठोके ६५ ते ८५ मध्येच असणार, आणि मग "दरवेळी ७४ छाप" एवढी एक ओळ लिहिलेला प्रोग्रामसुद्धा कमी चूक दाखवेल. ठोके खाली-वर होताना पकडले तरच तुम्ही काहीतरी मोजताय. मात्र ट्रेडमिलवर चालता चालता मोजायच्या फंदात आत्ता पडू नका, पावलांची लय ठोक्यांच्याच पट्ट्यात येते आणि ती वेगळी काढणं हे आख्ख्या पीएचडीचं काम आहे.

सहावी पायरी: आपल्या लोकांवर तपासा

त्वचेत मेलॅनिन जास्त असेल तर परत येणारा प्रकाशच कमी, आणि त्यातला ठोक्याचा अंश आणखी कमी. त्यामुळे सावळ्या आणि काळ्या रंगावर ही पद्धत जास्त चुकते, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. बोटाच्या ऑक्सिमीटरमध्येसुद्धा असाच प्रश्न २०२० मध्ये अमेरिकेतल्या पेशंटांच्या आकडेवारीतून मोठ्या प्रमाणावर पुढे आला. आता सुरुवातीला सगळे जे डेटासेट वापरतात ते, यूबीएफसी फ्रान्समधला, प्युअर जर्मनीतला, कोहफेस स्वित्झर्लंडचा. त्यात गोरे चेहरेच जास्त. तिथे दोन ठोक्यांची चूक येते म्हणून नांदेडच्या नाहीतर चंद्रपूरच्या दवाखान्यात पण दोनच येईल असं धरता येत नाही, आणि हे आपण नाही तपासलं तर आपल्यासाठी कोण तपासणार आहे?

तेव्हा घरातले, हॉस्टेलमधले, कँटीनमधले वेगवेगळ्या रंगाचे, वेगवेगळ्या वयाचे लोक घ्या आणि निकाल वेगवेगळा लिहा, सगळ्यांची एक सरासरी काढून त्यात झाकू नका. सुधारायला काय करता येतं तेही सांगतो. चेहऱ्यावर उजेड वाढवा, एक्सपोजर मागच्या पांढऱ्या भिंतीवरून न ठरवता चेहऱ्यावरून ठरवा म्हणजे चेहरा अंधारात जात नाही (कुठलाही रंग २५५ ला टेकू देऊ नका मात्र), तुकडा लांब घ्या. राइस विद्यापीठातल्या मयंक कुमार, अशोक वीरराघवन आणि आशुतोष सभरवाल यांनी २०१५ मध्ये चेहऱ्याचे छोटे तुकडे पाडून, ज्या तुकड्यात सिग्नल चांगला त्याला जास्त वजन द्यायची पद्धत मांडली, ती सावळ्या त्वचेचा विचार करूनच केलेली आहे, पीओएस चालायला लागलं की पुढचं वाचन म्हणून तेच घ्या.

श्वास

हे ठोक्यांपेक्षा सोपं आहे. छाती आणि खांदे कॅमेऱ्यात येऊ द्या, ऑप्टिकल फ्लोने (एका फ्रेममधून दुसरीत पिक्सेल किती सरकले ते काढणारी पद्धत) उभ्या दिशेची हालचाल काढा, ०.१ ते ०.५ हर्ट्झचा फिल्टर लावा. मोठा माणूस शांत बसून मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. तुकडा ३० सेकंदांहून लहान नको. तपासायला दुसऱ्या माणसाने छातीकडे बघून मिनिटभर मोजायचं, डॉक्टरही असंच मोजतात. २०२१ मध्ये गूगल फिटने मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने श्वास मोजायची सोय आणली ती याच तत्त्वावर.

कुठे थांबायचं

कॅमेऱ्यावरून बीपी आणि ऑक्सिजन दाखवणारी ॲप्स सापडतील. नवीन माणसाने त्यात जाऊ नये आणि घरच्यांना त्यावर विसंबू देऊ नये. ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड असे दोन ठरावीक प्रकाश वापरतो, साध्या वेबकॅमला इन्फ्रारेड दिसतच नाही, फिल्टरने अडवलेलं असतं. बीपीचं तर माणसागणिक वेगळं. आजीच्या बीपीसाठी दंडाला पट्टा लावायचं यंत्रच, त्याला पर्याय नाही.

खऱ्या दवाखान्यात या तंत्राची गरज कुठे आहे ते मात्र बघण्यासारखं आहे. कमी दिवसांच्या बाळांची कातडी इतकी नाजूक असते की इलेक्ट्रोडचा चिकट भाग काढताना सोलवटते, म्हणून ऑक्सफर्डमधल्या गटाने नवजात अतिदक्षता विभागात कॅमेऱ्याने ठोके आणि श्वास मोजून २०१४ मध्ये निकाल मांडले. दुसरीकडे ब्रिटनमध्येच मानसिक आजाराच्या वॉर्डांत खोलीत कॅमेरा लावून असंच मोजणारी ऑक्सिव्हिजन नावाची यंत्रणा आली आणि त्यावर पेशंटांनी जोरदार आक्षेप घेतले, आम्हाला नीट विचारलंत का, झोपताना बघणारा कॅमेरा आम्हाला हवाय का असे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

आपल्याकडे म्हणजे, समोरच्याला स्पष्ट सांगा की चेहरा रेकॉर्ड होतोय आणि त्यातून त्याच्या तब्येतीची माहिती निघते, लेखी परवानगी घ्या, काम झालं की व्हिडिओ पुसा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं. मित्राला न सांगता ऑनलाइन कॉलवर त्याचे ठोके मोजायचे असले प्रकार नकोत. आणि पुढे कधी हे पेशंटवर वापरायचं उत्पादन करावंसं वाटलं तर भारतात २०२० पासून असं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणात मोडतं, उपकरणाच्या वर्गाप्रमाणे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेचा (सीडीएससीओ) किंवा राज्याच्या यंत्रणेचा परवाना लागतो.

रिपोर्ट लिहिताना

कोड नीट आहे का याची खात्री नसेल तर यूबीएफसीची मागणी करून तो मिळवा, ४२ व्हिडिओ आहेत, साध्या लॉजिटेक वेबकॅमवर कॉम्प्रेशन न करता रेकॉर्ड केलेले, सोबत ऑक्सिमीटरची नोंद. तिथे तुमचं पीओएस जुळलं आणि घरी नाही जुळलं तर गडबड रेकॉर्डिंगमध्ये, तिथेच नाही जुळलं तर कोडमध्ये. डीप लर्निंग करायचंच असेल तर आरपीपीजी (म्हणजे रिमोट पीपीजी) टूलबॉक्समध्ये जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धती एकत्र मिळतात, पण पीओएसचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय मॉडेलची शेखी मिरवू नका.

निकालात सरासरी चूक द्या, ब्लँड-ऑल्टमन आलेख (दोन मोजण्यांमधला फरक त्यांच्या सरासरीसमोर दाखवणारा) काढा, आणि किती रेकॉर्डिंग टाकून दिली आणि का, ते स्वतंत्र लिहा. कुणाचा सिग्नल आलाच नाही, उजेड किती होता, दिवा कुठला होता, कॅमेऱ्याचा खरा फ्रेम रेट काय निघाला, भिंतीचा आकडा काय आला, हे सगळं तक्त्यात टाका, पुढच्या वर्षी जी मुलं हाच प्रोजेक्ट घेतील त्यांना तुमच्या अचूकतेच्या टक्क्यांपेक्षा हा तक्ता जास्त कामाला येईल.